कुरासावचे मोजणीदार

आमच्या मोजणीदारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वेल्ह्याच्या एसटी स्टँडपासून कचेरीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजत चालले होते. मला नोकरी लागून तिसरा दिवस. मी कामथडीहून दोन एसट्या बदलून आले होते, ओळख करून घ्यावी म्हणून "सर, नमस्कार" म्हटलं. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. कचेरीच्या पायरीला पाय लावला. मग वळून म्हणाले, "चारशे अकरा. गेल्या महिन्यात चारशे नऊ भरली होती. पाऊल आखूड पडाय लागलंय, मॅडम. नमस्कार."

कागदोपत्री आम्ही दोघंही भूकरमापक. जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या, आणि ज्याची हद्द आत सरकली त्याच्या शिव्या खायच्या, हे आमचं काम. मी नवी होते, ते वीस वर्षं मुरलेले. त्यांना सगळा तालुका नुसतं 'मोजणीदार' म्हणायचा. मापाच्या बाबतीत हा माणूस इतका हट्टी होता, की बायकोनं "वाईच भात वाढू का?" विचारलं तर "वाईच म्हंजे किती?" विचारायचा. हे मला त्यांच्या बायकोनंच सांगितलं. त्या भोरला अंगणवाडी चालवायच्या आणि नवऱ्याबद्दल बोलताना अंगणवाडीतल्या सर्वांत आडमुठ्या पोराबद्दल बोलावं तसं बोलायच्या.

मोजणीला गेल्यावर ते कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. चहाचा थर्मास स्वतःचा. "एका घरचा चहा घेतला की दुसऱ्याला रेघ वाकडी दिसती," म्हणायचे. मला वाटायचं, काय हा सोवळेपणा. एकदा मी एका म्हातारीकडचा लाडू खाल्ला, तर शेजारच्यानं भर चावडीत मला 'लाडूवाल्या मॅडम' नाव ठेवलं. ते दोन वर्षं टिकलं. तेव्हापासून मीही थर्मास घेतला.

आता त्यांच्या खुळाबद्दल. खरं सांगायचं तर ते खूळ माझ्यामुळं लागलं.

अकरा-बारा वर्षांमागं फुटबॉलचा वर्ल्ड कप होता. आमच्या कचेरीत फुटबॉल कुणालाच कळत नव्हता, त्यामुळं चर्चा जोरात होती. कुणीतरी टूम काढली की अकरा जणांनी अकरा संघांच्या चिठ्ठ्या उचलायच्या, ज्याचा संघ सर्वांत पुढं जाईल त्याला बाकीच्यांनी मिसळ चारायची. चिठ्ठ्या लिहायचं काम सर्वांत धाकटी म्हणून माझ्याकडं. मी कॉम्प्युटरवरून देशांची एक लांबलचक यादी काढली आणि त्यातून अकरा नावं निवडली. ब्राझील, जर्मनी वगैरे ऐकलेली होती. अकरावं काही सुचेना. यादीत एक नाव दिसलं, स्पेलिंग गोड वाटलं, टाकलं. मराठीत लिहिताना 'कुराकाओ' लिहिलं.

ती चिठ्ठी मोजणीदारांना निघाली.

आमच्या हेडक्लार्कनं मोबाईलवर शोधाशोध केली आणि हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. हा संघ वर्ल्ड कपमध्ये नव्हताच. मी काढलेली यादी पात्रता फेरीची होती, आणि ह्या बिचाऱ्यांचा निकाल कधीच लागून गेला होता. मी शरमेनं अर्धी झाले. "सर, चुकलं माझं. दुसरी चिठ्ठी देते."

"कशापायी?" मोजणीदार म्हणाले. "चिठ्ठी निघाली ती निघाली. उद्या एखाद्याच्या जमिनीच्या गटात निम्मा खडक लागला तर म्या काय गट बदलून देतो का त्याला?"

"अहो पण तुमचा संघ खेळतच नाहीये!"

"मग बरंच हाय की. तुमचे हरायचेत अजून. माझा हरून मोकळा."

आम्हाला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी हा माणूस सगळी माहिती काढून आला. पहिली गोष्ट, आमचा उच्चार चुकीचा होता. त्या सी अक्षराच्या पायाला एक शेपटी असते, ती मी गाळली होती. शेपटी असली की 'क' नाही, 'स' म्हणायचं. कुरासाव. पुढची सगळी वर्षं त्यांनी ही शेपटी जमेल त्याला समजावली. उपयोग झाला नाही. शिपाईमामा शेवटपर्यंत 'करकाव' म्हणत राहिले आणि पानशेतकडचे लोक 'कुरसवाडी.'

दुसरी गोष्ट, ते म्हणाले, हे बेट कॅरिबियन समुद्रात आहे. "क्षेत्र आपल्या वेल्ह्याएवढं, माणसं आपल्या भोरएवढी." पूर्वी आसपासची पाच-सहा बेटं मिळून एक संघ खेळायचा. ती वेगळी झाली आणि जुन्या संघाचा वारसा ह्यांच्याकडं आला. हे त्यांनी आम्हाला आमच्या भाषेत सांगितलं: "जुन्या खातेदाराचं नाव कमी झालं, वारस म्हणून ह्यांची नोंद लागली. फेरफार मंजूर." खेळाडू बहुतेक सगळे हॉलंडमध्ये जन्मलेले, तिथंच राहणारे, खेळायला मात्र आईबापाच्या बेटाकडून यायचे. हेडक्लार्कनं खोट काढली, "म्हणजे भाड्याचेच."

"भाड्याचे कसे? आपल्या गावचे निम्मे लोक पुण्याला ऱ्हात्यात. जत्रंला येऊन काठी धरत्यात. त्येंला भाड्याचं म्हनता का तुमी?"

हेडक्लार्क स्वतः पुण्याला राहायचा. 

मोजणीला दूरवर खूण दिसावी म्हणून काठीला लाल-पांढरी झेंडी लावायची पद्धत होती. मोजणीदारांनी भोरच्या शिंप्याकडून स्वखर्चानं निळी झेंडी शिवून घेतली. मध्याच्या जरा खाली पिवळा पट्टा, कोपऱ्यात दोन चांदण्या. चांदण्या एक मोठी, एक लहान अशा हव्या होत्या. शिंप्यानं दोन्ही सारख्या केल्या, तर ह्यांनी उसवायला लावल्या. ही झेंडी घेऊन आम्ही गावात शिरलो की माणसं दारात यायची.

"साहेब, ही कुठली पार्टी?"

"पार्टी न्हाई. फुटबॉल."

"बरं. पन निवडणूक कवा हाय?"

एकदा एका उपसरपंचानं तर घाईघाईनं पाठिंबा जाहीर केला होता.

त्यांचा संघ एरवी हरायचाच, पण सारखा नाही, आणि तेच वाईट होतं. सारखा हरला असता तर माणूस सुटला असता. एका वर्षी ह्यांनी जमैकाला हरवून कॅरिबियनचा चषकच जिंकला. मोजणीदार पेढ्यांचा पुडा घेऊन कचेरीत आले. सगळ्यांनी आधी पेढे खाल्ले, मग कारण विचारलं. शिपाईमामा म्हणाले, "मुलीचं जमलं का?" कारण कळल्यावर मामांनी तोंडातला पेढा गिळावा की नाही ह्याचा थोडा विचार केला. पन्नाशीकडं झुकलेला माणूस, गळ्यात सरकारी ओळखपत्र, आणि डोळ्यांत पहिला नंबर आलेल्या पोराचं पाणी. मला हसू आलं आणि हसल्याचं वाईटही वाटलं.

खरी पंचाईत झाली ती भारतामुळं. थायलंडमधल्या एका स्पर्धेत भारताची गाठ थेट कुरासावशी पडली. आम्ही सगळे खूश. जगातल्या दोनशे संघांतून हाच निघावा! दुपारची मॅच, त्यात सुट्टी, म्हणून आम्ही पाच-सहा जण मुद्दाम त्यांच्या भोरच्या घरी गेलो. हेतू चांगला नव्हता. माणसाची फजिती जवळून बघायची होती.

मोजणीदारांनी टीव्हीच्या बरोबर मधोमध एक लाकडी खुर्ची मांडली होती, टेप लावून. आम्ही भारताच्या बाजूला. दुसरी बाजू रिकामी.

"सर, तुमी कुनाकडनं?" हेडक्लार्कनं विचारलं.

"म्या बांधावर."

त्यांच्या बायकोनं आतून पोहे आणता आणता झापलं, "बांधावर कशाला बसताय? रोज सकाळी 'भवतु सब्ब मंगलं' म्हनता ना? मग दोगांचंबी होऊ द्या की मंगल."

पहिल्या वीस मिनिटांत कुरासावचे दोन गोल झाले. दोन्ही वेळा ते मांडीवर हात ठेवून पुतळ्यासारखे बसले. फक्त उजव्या पायाचा अंगठा हलत होता. भारतानं पेनल्टीवर एक फेडला तेव्हा मात्र उठून टाळ्या वाजवल्या. लगेच तिसरा गोल बसला. तीन-एक. दुसऱ्या अर्ध्यात काहीच झालं नाही, नुसता आमचा आवाज कमी होत गेला.  फजिती आमचीच झाली होती. हेडक्लार्क चप्पल घालताना पुटपुटला, "देशापेक्षा करकाव मोठं वाटतं का लोकांना?" मोजणीदारांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर कुणीतरी 'कुरासावचा हेर' अशी चिठ्ठी चिकटवली. त्यांनी ती महिनाभर काढली नाही. खातेदार यायचे, वाचायचे, आणि हे कुठलं नवं पद म्हणून हात जोडायचे.

त्यानंतर पडतीचे दिवस आले. वर्ल्ड कपच्या दारापर्यंत जायचं आणि चौकटीला डोकं आपटून परत यायचं. पनामानं एकदा बाहेर काढलं तेव्हा ते दोन दिवस जेवणाचा डबा तसाच परत नेत होते. मी चिडून म्हटलं, "सर, तिथल्या एका माणसाला तरी ठाऊक आहे का तुम्ही आहात म्हणून?"

"न्हाई."

"मग?"

"तोरण्याला तरी कुठं ठाऊक हाय?" ते म्हणाले. "रोज बघतोच की आपन."

मी खिडकीतून गडाकडं पाहिलं. 

आणि मग ते शेवटचं वर्ष आलं. नोव्हेंबरअखेर मोजणीदार निवृत्त होणार होते. त्याच नोव्हेंबरात कुरासावची शेवटची मॅच होती, जमैकाशी, जमैकाच्याच मैदानावर. नुसती बरोबरी झाली तरी कुरासाव वर्ल्ड कपला जाणार होता. इतका लहान देश आजवर तिथं कधी गेला नव्हता. आपल्याकडं ती मॅच सकाळी साडेसहाला. आणि त्याच सकाळी पासली गावात मोजणी लागलेली.

पासलीचं प्रकरण म्हणजे दोन सख्खे भाऊ, दोन भातखाचरं आणि मधला एक बांध. बांधावरून नऊ वर्षं बोलणं बंद. मागच्या मोजणीला थोरल्यानं आमच्या माणसाच्या अंगावर कोयता उगारला होता, म्हणून हे काम कुणी घेत नव्हतं. मी म्हटलं, "सर, तारीख पुढं ढकला. आजारी पडा. एकदा तरी पडा."

"नोटीस गेलीय दोगांना. आन् ह्ये तुमाला दावून जायाचंय. म्या गेल्यावर पासली तुमच्याकडंच येनार."

आम्ही आदल्या संध्याकाळी मुक्कामाला गेलो. ते आणि शिपाईमामा शाळेत झोपले, मी तिथल्या अंगणवाडीच्या ताईंकडं. सकाळी साडेसहाच्या सुमारास मामा मला शोधत आले. "मॅडम, साहेब शाळेत न्हाईत. बांधावर हुबे हायेत."

आमचा हल्लीचा मोजणीचा रोव्हर, म्हणजे काठीवरचं यंत्र, मोबाईलच्या रेंजवर चालतो. पासलीत रेंज कुठंच नीट मिळत नाही. मोजणीदारांनी अंधारातच सगळं शिवार पालथं घातलं होतं आणि रेंज सापडली ती नेमकी भांडणाच्या बांधावर. तिथं ते मोबाईल छातीशी धरून उभे होते, एका जागी, जरा हललं की चित्र थांबायचं.

उजाडलं तसे दोन्ही भाऊ आपापल्या घरातून निघाले. मोजणी करणारा माणूस भल्या सकाळी बांधावर एकटा उभा म्हटल्यावर दोघांच्याही चालीला घाई. धाकटा ह्या बाजूनं आला, थोरला त्या बाजूनं. थोरल्याच्या हातात भात कापायचा विळा होता. कापणी चालू होती, त्यामुळं विळा असणं साहजिक होतं, पण माझं लक्ष त्याच्यावरच.

"साहेब, नवाची येळ दिलीय ना? आत्ताच काय करताय हितं?" थोरला गुरकावला.

"जमैका," मोजणीदार मान वर न करता म्हणाले.

धाकटा माझ्याकडं सरकून हळूच म्हणाला, "मॅडम, ह्यो जमैका कोन? थोरल्यानं वकील दिलाय का?"

मी त्याला समजावलं. म्हटलं, लहान देश आहे, आपल्या भोरएवढी माणसं, आज बरोबरी साधली तर जगाच्या स्पर्धेला जाईल. सांगता सांगता मी संघातल्या खेळाडूंची नावंही घ्यायला लागले. अकरा वर्षं मी ह्या माणसाला हसत होते आणि मला त्या संघाचे चार खेळाडू नावानिशी माहीत होते.

"जमैकाचा बॉल खांबाला लागला," मोजणीदार म्हणाले. थोड्या वेळानं, "परत खांबाला."

धाकट्यानं बांध ओलांडायच्या बेतानं मान पुढं काढली. "खांबाला म्हंजे? हद्दीच्या आत का भायेर?"

मोजणीदारांनी पहिल्यांदा मान वर केली. "शाबास," म्हणाले. "अकरा वर्सांत ह्यो सवाल कुनी इचारला न्हाई. भायेर."

आता दोघं भाऊ दोन्ही अंगांनी मोबाईलवर वाकले होते. बायकापोरंही आली. तिसऱ्यांदा बॉल खांबाला लागला तेव्हा थोरला स्वतःशीच म्हणाला, "खांब रोवलाय मातुर नीट." आणि चित्र थांबलं. नव्वद मिनिटं संपत आलेली, बरोबरी टिकलेली, आणि पडद्यावर नुसतं एक चाक फिरतंय. मोजणीदारांचा चेहरा पांढरा पडला.

"आना हिकडं," थोरला म्हणाला. सहा फुटी गडी. त्यानं विळा खाली टाकला, मोबाईल घेतला आणि हात उंच करून धरला. चित्र चालू झालं. आता सगळ्यांनाच माना वर करून बघावं लागत होतं.

अगदी शेवटी पंचानं जमैकाला पेनल्टी दिली.

मोजणीदार खाली बसले. बांधावर, दोन्ही हात मातीत. "गेलं," म्हणाले.  मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा तो न उघडता परत जाणारा डबा आला.

"थांबा, थांबा," थोरला वरून म्हणाला. "त्यो पंच कुटंतरी निगाला. टीव्हीत बगतोय."

"फेरमोजनी!" धाकटा ओरडला.

"व्हय. फेरमोजनी," थोरला म्हणाला. नऊ वर्षांत भावाला दिलेलं ते पहिलं उत्तर असावं. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

पंच परत आला आणि त्यानं पेनल्टी रद्द केली. मग दोन-चार मिनिटं काय झालं ते मला आठवत नाही. शिट्टी वाजली. शून्य-शून्य. निळे कपडे घातलेली माणसं मैदानावर एकमेकांवर पडत होती. आणि इकडं आमचे मोजणीदार, ज्यांनी नोकरीत कधी आवाज चढवला नव्हता, ते उठून असे ओरडले की खालच्या खाचरातले बगळे उडाले. शब्द नव्हताच तो. नुसता आवाज. मग ते मामांच्या गळ्यात पडले, मग मी पुढं झाले तर माझ्यापुढं नुसते हात जोडले, आणि धाकट्यानं आणलेला चहा पिऊन टाकला. थर्मास शाळेतच राहिला होता.

नऊ वाजले. त्यांनी रोव्हरची काठी हातात घेतली. ही काठी सरळ उभी धरायची असते. तिच्यावर पाण्याचा एक बुडबुडा असतो, तो गोलाच्या मधोमध यावा लागतो. बुडबुडा मधोमध येईना. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, पाय फाकवून उभे राहिले, श्वास रोखला. बुडबुडा इकडून तिकडं पळत होता.

"मॅडम," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमीच धरा. माझा हात हलतोय."

त्या दिवशी पासलीची मोजणी मी केली. ते बाजूला दगडावर बसून राहिले आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत. हद्द निघाली ती बांधापासून अडीच फूट थोरल्याच्या ताब्यात. म्हणजे तेवढी जागा त्यानं धाकट्याला सोडायची. मी खुणा रोवल्या. मघाशी खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोघं भाऊ पुन्हा दोन बाजूंना गेले. थोरल्यानं विळा उचलला, पण फक्त उचलला. सही न करता घरी निघून गेला.

तीन दिवसांनी त्याचा तक्रार अर्ज आला. मोजणी करणारे अधिकारी मोजणीच्या दिवशी मोबाईलवर परदेशी खेळ बघत होते, मोठमोठ्यानं ओरडत होते, त्यांनी विरुद्ध बाजूचा चहा घेतला, त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं, सबब मोजणी अमान्य. निवृत्तीला आठवडा उरलेला, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीतली पहिली तक्रार. ह्यात पेन्शनचे कागद अडकू शकत होते. हेडक्लार्कनं खुर्ची ओढून सल्ला दिला, "सरळ लिहा, असं काही घडलंच नाही. साक्षीला मामा आणि मॅडम आहेतच." मीही मान हलवली.

मोजणीदारांनी दुपारभर बसून स्वतःच्या अक्षरात खुलासा लिहिला. माझ्याकडं वाचायला दिला.

"अर्जदार यांनी नमूद केल्याप्रमाणे, मोजणीच्या दिवशी सकाळी मी वादातील बांधावर उभा राहून फुटबॉलचा सामना पाहत होतो, हे खरे आहे. सामना मोजणीच्या वेळेपूर्वी संपला. सामना संपल्यावर मी ओरडलो, हे खरे आहे. विरुद्ध बाजूचा चहा घेतला, हेही खरे आहे. कुरासाव हा देश प्रथमच वर्ल्ड कपसाठी पात्र ठरला. मला आनंद झाला. आनंदामुळे माझा हात स्थिर नव्हता, म्हणून मी मोजणी केली नाही. मोजणी सोबतच्या मॅडम यांनी केली. त्यांनी दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याही घरचे काही घेतले नव्हते. हद्द बरोबर आहे."

वरच्या साहेबांनी आम्हा दोघांना समोर बोलावलं. कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. साहेब माणूस बरा होता, पण वयानं लहान, घाबरट. "बाकी ठीक आहे," ते म्हणाले. "खरं लिहिलंय तुम्ही. फेरमोजणी लावतो, मॅडमचं काम बरोबर असेल तर तेच निघेल. फक्त हे एक वाक्य तेवढं काढा. 'मला आनंद झाला.' सरकारी खुलाशात असं कोण लिहितं?"

मोजणीदार टेबलाच्या कडेला बोट लावून उभे होते.

"साहेब, त्ये काढलं तर माझा हात कशानं हलत होता, त्ये कसं कळंल?"

 साहेबांनी वाक्याला हात न लावता पेनाचं टोपण काढून कागदाच्या कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहिलं, खाली सही केली आणि फाईल माझ्या हातात दिली.